स्थैर्याचा दाखला कोणी द्यावा?



श्रमिकाला घर मिळावे म्हणून शासन पुढे आले, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. त्या घराच्या उंबरठ्यावर त्याच्याकडे कोणता दाखला मागितला जातो, हेही पाहावे लागते. या दृष्टीने अमेरिकेचे उदाहरण उद्बोधक आहे.

महामंदीत असंख्य कुटुंबांची घरे कर्जापायी गेल्यानंतर, १९३४ साली, रूझवेल्ट यांच्या राजवटीत तेथे ‘फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन’ची स्थापना झाली. ही संस्था स्वतः कर्ज देत नाही. कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाईची हमी देते. या हमीमुळे किमतीच्या ३.५ टक्के रक्कम हाती असली तरी घर घेता येते. मात्र हमीचा विमाहप्ता भरतो कर्जदार आणि संरक्षण मिळते बँकेला!

या कर्जासाठी मागील दोन वर्षांच्या नोकरीचा इतिहास तपासला जातो. शिक्षणात वा सैन्यात गेलेला काळ त्यात धरला जातो, ही गोष्ट न्याय्यच आहे. परंतु सहा महिने वा अधिक खंड पडला असेल, तर सध्याच्या नोकरीत किमान सहा महिने झालेले असावे लागतात. शिवाय खंडापूर्वीच्या दोन वर्षांच्या कामाचा पुरावा द्यावा लागतो. बारा महिन्यांत तीनहून अधिक वेळा मालक बदलला, तर त्याचे समर्थन कागदोपत्री करावे लागते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यालाही सामान्यतः दोन वर्षे थांबणे भाग पडते.

आता या नियमांमागची विसंगती पाहा. त्याच देशात बहुतेक मालकांना कामगाराला पूर्वसूचनेवाचून, कारण न देता काढून टाकता येते. २०२० च्या एप्रिल महिन्यात तेथे दोन कोटींहून अधिक रोजगार नाहीसे झाले. तो दोष कामगारांचा नव्हता. अस्थैर्य निर्माण करण्याचा अधिकार एकाकडे आणि स्थैर्य सिद्ध करण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे.

याचा अर्थ तपासणीच नको, असा नव्हे. उत्पन्न न पाहता वाटलेल्या कर्जांनी २००८ च्या अरिष्टात गरिबांचीच घरे गिळली. प्रश्न आहे तो कशाची तपासणी करावी, हा. २०२२ साली याच संस्थेने प्रथमच घर घेणाऱ्यांचा नियमित भाडे भरल्याचा इतिहास पात्रतेच्या मूल्यमापनात विचारात घेण्यास आरंभ केला. महिन्यामागून महिना, पोटाला चिमटा घेऊन भाडे चुकते करणाऱ्याची पत त्याच्या मालकाच्या मर्जीवर का अवलंबून असावी?

नाक्यावर उभा राहणारा आपला बांधकाम मजूर पगारपत्रक कोठून आणणार? दुसऱ्यांची घरे बांधण्यात त्याचे आयुष्य जाते. पण त्या कष्टांची नोंद कोणत्याही कागदावर नसते. म्हणून घराची मागणी आणि कायम रोजगाराची मागणी या दोन निराळ्या मागण्या नव्हेत. त्या एकत्रच लढवाव्या लागतील.