तहकुबीला तारीख हवी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायला उभे राहायचे म्हणजे मंडळाच्या कामाचा गौरव करायचा, अशी आपली रीत आहे. तो गौरव अहवालात आलेला आहे, आणि अहवाल आपण सर्वांनी ऐकला आहे. मी आज एका चुकीची हकिगत सांगणार आहे. चूक माझी आहे. मंडळाच्या दप्तरात ती चूक म्हणून कोठेही नोंदलेली नाही, तेव्हा ती निदान स्मरणिकेत तरी यावी, असे मला वाटते.

आपल्या कार्यकारिणीची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. २०२० साली ती एप्रिल महिन्यात व्हायची होती. त्या वेळी मी कार्यवाह होते. मार्चमध्ये करोनाची साथ आली, २४ मार्चच्या मध्यरात्रीनंतर सगळा देशच बंद झाला, आणि आम्ही सभा तहकूब केली. यात गैर काहीच नव्हते. साठ-सत्तर बायका एका हॉलमध्ये जमवणे म्हणजे साथीला घरी आमंत्रण देणे होते. मी सर्वांना कळवले, 'निवडणुकीची तारीख पुढे कळवू.' पुढे मी ती कळवलीच नाही.

पहिले काही महिने तर कोणाला निवडणूक आठवतही नव्हती. आपल्या नाहूर स्थानकावर लोकल थांबत नव्हती. मुलुंडला रिचर्डसन अँड क्रुडासच्या जागेवर मोठे करोना केंद्र उभे राहिले होते. २१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना ठरावीक वेळेत लोकलने जाण्याची मुभा मिळाली, तेव्हा कितीतरी जणींनी सात महिन्यांनी माहेरची माणसे पाहिली. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. येथपर्यंत माझ्याकडे कारण होते. पण २०२२ साली शाळा उघडल्या, लग्ने धुमधडाक्यात झाली, आपली सहलही जाऊन आली. निवडणूक मात्र झाली नाही. कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या, हिशोबाची वही माझ्याकडे होती, आणि खरे सांगायचे तर मला त्याची सवय झाली होती. मी एक पैसाही इकडचा तिकडे केला नाही. म्हणूनच मला वाटे की माझे काही चुकत नाही.

२०२३ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यातल्या एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी मला सर्वांसमक्ष विचारले, "हळदीकुंकवाला साथ नाही, सहलीला साथ नाही, मग निवडणुकीलाच तेवढी साथ कशी ग लागते?" बायका हसल्या. मीही हसले, पण रात्री झोप आली नाही. मार्चमध्ये निवडणूक झाली, आणि नवी कार्यकारिणी आली. तिने पहिल्याच महिन्यात दुपारचा शिवणवर्ग पुन्हा सुरू केला. तो २०२० पासून बंद होता. आमच्या जुन्या कार्यकारिणीत त्या वर्गाला जाणारी एकही बाई नव्हती, त्यामुळे तो बंद आहे हे आम्हाला खुपतही नव्हते. त्या शिवणावर ज्यांच्या घरात दोन पैसे येत, त्यांना ते खुपत होते. पण त्यांनी ते कोणाला सांगायचे? मी ऐकून घेत असे, आणि 'पाहू' म्हणत असे.

भगिनींनो, ही गोष्ट एका लहान मंडळाची आहे. पण त्याच काळात आपल्या राज्यात काय घडले, ते याच्याशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. मी कोणत्याही पक्षाची बाजू घेणार नाही. ते आपल्या मंडळाच्या रीतीत बसत नाही, आणि या गोष्टीत त्याची गरजही नाही. कारण त्या वर्षांत सरकारे बदलली, तरी तहकुबी चालूच राहिली.

१७ मार्च २०२० रोजी राज्य निवडणूक आयोगाने साथीमुळे स्थानिक निवडणुका थांबवल्या. सुमारे दीड हजार ग्रामपंचायतींचे मतदान त्याच महिन्याच्या अखेरीस व्हायचे होते. नवी मुंबई, औरंगाबाद आणि वसई-विरार या महानगरपालिकांच्याही निवडणुका तोंडावर होत्या. निर्णय योग्यच होता. त्याच दिवशी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पक्षांचे उमेदवार ठरवण्यासाठी प्राथमिक मतदान व्हायचे होते. आदल्या रात्री तेथल्या आरोग्य खात्याच्या प्रमुख बाईंनी हुकूम काढून मतदान केंद्रे बंद ठेवली. पुढे काय झाले ते लक्षात घ्या. तेथल्या विधिमंडळाने थोड्याच दिवसांत २८ एप्रिल ही तारीख ठरवली, आणि बहुतेकांनी घरी बसून टपालाने मते पाठवली. शेजारच्या भागातल्या विस्कॉन्सिन राज्याने उलट केले. ७ एप्रिलची तारीख त्यांनी बदलली नाही. तेव्हा मिलवॉकी शहरात सुमारे १८० मतदान केंद्रांपैकी फक्त ५ उघडता आली, आणि लोक तोंडाला फडकी बांधून तासन् तास रांगेत उभे राहिले. म्हणजे तारखेला हटवादीपणे चिकटून राहणेही बरे नव्हे.

आपल्याकडेही तारीख काढायची ठरवली म्हणजे निघते, हे आपण पाहिले आहे. विधान परिषदेच्या नऊ जागांची निवडणूक ३ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय निवडणूक आयोगाने लांबणीवर टाकली. त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे कोणत्याच सभागृहाचे सभासद नव्हते. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांनी शपथ घेतली होती, आणि घटनेप्रमाणे सहा महिन्यांच्या आत त्यांना निवडून येणे भाग होते. राज्यपालांनी आयोगाला पत्र लिहिले. १ मे रोजी, महाराष्ट्राला ६० वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, आयोगाने २१ मे ही मतदानाची तारीख जाहीर केली. उमेदवार जागांइतकेच राहिले, म्हणून १४ मे रोजी सर्व बिनविरोध निवडून आले, आणि १८ मे रोजी शपथविधी झाला. या निवडणुकीत मतदार म्हणजे आमदार, तीनशेहून कमी. लाखो लोकांच्या मतदानाची आणि तिची तुलना होणार नाही, हे मला कळते. पण घटनेने मुदतीची रेघ आखून दिली होती, आणि ती रेघ सर्वांना दिसत होती, म्हणून भर साथीत मार्ग निघाला, एवढे त्यातून घ्यावे.

मोठ्या निवडणुकाही झाल्या. बिहारने २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान घेतले. एका केंद्रावर एक हजारांपेक्षा जास्त मतदार ठेवले नाहीत, बटण दाबण्यासाठी हातमोजे दिले, आणि आजाऱ्यांसाठी शेवटचा तास राखून ठेवला. आपल्या राज्यातही १५ जानेवारी २०२१ रोजी १२ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुकीचे मतदान झाले. खेड्यातल्या बायकांनी तोंडाला पदर लावून, अंतर राखून मते दिली. तहकुबी संपली.

शहरांची मात्र संपली नाही. नवी मुंबई आणि औरंगाबादची याआधीची निवडणूक एप्रिल २०१५ मधली. मुदत २०२० साली संपली, प्रशासक नेमले गेले, आणि साथ ओसरल्यावर दुसरी कारणे पुढे आली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आपल्या मुंबईत प्रभाग २२७ चे २३६ केले, पुन्हा २२७ केले. मुंबईच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, आणि दुसऱ्या दिवसापासून येथेही प्रशासक आले. आरक्षणाचा प्रश्न खोटा नव्हता, मागासवर्गाच्या हक्काचाच तो प्रश्न होता. परंतु एकदा तारखेचे बंधन सुटले, म्हणजे प्रत्येक नवे कारण मागच्या कारणाच्या पाटावर येऊन बसते. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगितले, पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घालून दिली, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईसह २९ महानगरपालिकांचे मतदान झाले. साथीमुळे थांबलेल्या नवी मुंबईचे मतदानही त्याच दिवशी झाले. एप्रिल २०१५ मध्ये जी मुलगी सतरा वर्षांची होती, तिने आपल्या शहरासाठी पहिले मत दिले ते सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची झाल्यावर. मधल्या काळात कदाचित तिचे लग्न होऊन तिला मूलही झाले असेल.

आपल्या घटनेत महानगरपालिकेची मुदत पाच वर्षे सांगितली आहे, त्यापेक्षा जास्त नाही. आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी करावी, असेही सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली अहमदाबादच्या एका प्रकरणात हेच बजावले होते. नैसर्गिक आपत्तीसारखा खरोखरीचा अपवाद सोडला, तर माणसांनी निर्माण केलेल्या अडचणी सबब म्हणून चालणार नाहीत, असा त्याचा आशय होता. नियम होता, निकालही होता. नव्हती ती तहकुबीच्या दिवशीच दिलेली पुढची तारीख.

कोणी विचारील, प्रशासक होते, नळाला पाणी येत होते, कचरा उचलला जात होता, मग बिघडले काय? माझ्या कारकिर्दीत मीही हेच म्हणत होते. गटार तुंबले, तर वॉर्ड ऑफिसात तक्रार देता येते, आणि चांगला अधिकारी ती ऐकतोही. पण अधिकाऱ्याला तुमच्या दारी पुन्हा मत मागायला यायचे नसते. नगरसेविकेला यायचे असते, आणि तुमच्या चाळीतली एखादी गोष्ट सभागृहात उभी राहून बोलण्याचा तिला अधिकार असतो. मुंबईच्या २२७ जागांपैकी ११४ जागा बायकांसाठी राखीव आहेत. १९९३ साली घटनादुरुस्ती अमलात आली तेव्हा एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ साली महाराष्ट्राने निम्म्या दिल्या. हे सहज मिळालेले नाही. जवळजवळ चार वर्षे त्या ११४ खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि आपण बायकांनी त्याबद्दल हू की चू केले नाही. आपल्या मंडळाने तरी एखादा ठराव केला का? मी दप्तर पाहिले. केला नाही. ज्या कार्यवाह बाईंनी तो मांडायचा, त्या स्वतःच मुदत संपलेल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

वाण्याच्या दुकानात पाटी असते, 'आज रोख, उद्या उधार'. तो उद्या कधी उजाडत नाही, हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण हसतो. 'पुढे कळवू' हेही त्याच पाटीवरचे अक्षर आहे.

साथ पुन्हा येईल. आजीच्या तोंडून प्लेगच्या गोष्टी ऐकताना आपल्याला कोठे वाटले होते, की आपणही एक साथ पाहू? ती येईल तेव्हा निवडणूक पुढे ढकलावी लागेल, आणि जरूर ढकलावी. माणूस जगला तर मत देईल. माझी सूचना एवढीच आहे, की आपल्या मंडळाच्या नियमावलीत चार ओळी घालाव्यात. तहकुबीचे कारण लेखी द्यावे. त्याच कागदावर पुढची तारीख लिहावी, आणि ती तीन महिन्यांपलीकडची नसावी. पुन्हा पुढे ढकलायचे झाले, तर सभासदांना विचारून ढकलावे, फोनवर का होईना. आणि मधल्या काळात जुन्या कार्यकारिणीने रोजचे काम चालवावे, नवे काही सुरू करू नये व जुने काही बंद करू नये. शिवणवर्ग तर मुळीच बंद करू नये.

आपण आधी हे आपल्या घरी करू. मग बाहेरच्यांना सांगायला आपले तोंड मोकळे राहील.

२०२५ ची आपली निवडणूक ठरल्या वेळी झाली, याचा मला आनंद आहे. पुढची निवडणूक २०२७ च्या मार्चच्या दुसऱ्या रविवारी आहे. संपादिका भगिनींना माझी विनंती आहे, की स्मरणिकेच्या मलपृष्ठावर जाहिरातीखाली थोडी जागा राहिली, तर तेवढी तारीख छापावी. त्या दिवशी काही संकट आलेच, तर ज्या कोणी कार्यवाह असतील त्यांना ती खोडून तिच्याशेजारी दुसरी लिहावी लागेल. जागा तेवढी मोठी ठेवा.