पाच भाषांतील इन्ग्रिड



रंगभूमीवर बोलावयाचे म्हणजे आम्ही बालगंधर्वांवरच बोलणार, असे आपण गृहीत धरले असेल. आज मात्र आम्ही एका स्वीडिश नटीची कथा घेऊन उभे आहोत.

इन्ग्रिड बर्गमन 29 ऑगस्ट 1915 रोजी स्टॉकहोमला जन्मली. आई जर्मन, ती लवकर वारली. छायाचित्रकार वडीलही मुलीच्या शाळकरी वयातच गेले. 1933 साली राजेशाही नाट्यगृहाच्या विद्यालयात तिला प्रवेश मिळाला, पण वर्षभरातच चित्रपटांनी तिला ओढून नेले. 1939 साली ती हॉलिवूडला आली, तेव्हा निर्माते सेल्झनिक यांनी नाव बदलण्याची आणि भुवया कोरण्याची सूचना केली. तिने दोन्हींस साफ नकार दिला. ‘कासाब्लांका’ आपण पाहिलाच असेल; त्याविषयी अधिक सांगत नाही.

1949 साली दिग्दर्शक रोसेलिनी यांच्याबरोबर काम करण्यासाठी ती इटलीस गेली आणि तिचा संसार मोडला. मुलगी पिया अमेरिकेत वडिलांकडे राहिली. मायलेकींची वर्षेच्या वर्षे भेट नाही. 1950 साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये तिची जाहीर निंदा झाली. ती तिने सोसली. परंतु 1955 साली स्टॉकहोमच्या रंगमंचावर ती जोन ऑफ आर्क म्हणून स्वीडिशमध्ये बोलू लागली, तेव्हा तिच्याच देशातील वृत्तपत्रांनी तिच्यावर झोड उठविली. ते बोल तिला फार झोंबले.

जर्मन, इंग्रजी, इटालियन, फ्रेंच अशा चार परभाषांत तिने भूमिका केल्या, तीन ऑस्कर मिळविली. चित्रपटात पुन्हा स्वीडिशमधील मोठी भूमिका मात्र 1978 सालच्या ‘ऑटम सोनाटा’पर्यंत लांबली. दिग्दर्शक इंगमार बर्गमन. नात्याचे नव्हेत, केवळ आडनावबंधू. तेही तेव्हा करप्रकरणामुळे स्वदेश सोडून राहत होते, म्हणून चित्रीकरण नॉर्वेत झाले. भूमिका एका कीर्तिमान पियानोवादक आईची. सात वर्षे ती लेकीला भेटलेली नाही. अशी आई असूच शकत नाही, असा वाद इन्ग्रिडने दिग्दर्शकांशी घातला. पियाचे नाव त्या वेळी तेथे कोणी काढले असेल काय?

एका प्रसंगी लेक शोपँची एक छोटी रचना वाजविते. आई ऐकते, मग स्वतः वाजवून दाखविते, आणि लेक तिच्याकडे पाहत राहते. लिव्ह उलमानचा तो चेहरा आम्ही अद्याप विसरलो नाही.

तेव्हा इन्ग्रिडला कर्करोगाने गाठले होते. 1982 साली, आपल्या 67व्या वाढदिवशीच, ती लंडनला निवर्तली.

आमची मंडळाच्या कार्यकारिणीस विनंती आहे की, हा चित्रपट एकदा मिळवून दाखवावा. उपशीर्षके इंग्रजी असतील. आवाज मात्र तिच्या मायबोलीतला आहे.