शेततळ्यातील फेकजाळे : कडेला शिसे कसे बांधावे?

(शेततळ्यातील मत्स्यपालन या विषयावरील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



बीज किती सोडावे, खाद्य कोणते द्यावे यावर सकाळपासून बरेच बोलणे झाले. माझा विषय लहान आहे. फेकजाळ्याच्या घेराला, म्हणजे त्याच्या खालच्या कडेला, शिसे कोणत्या पद्धतीने बांधावे एवढेच मला सांगायचे आहे. कृषिविद्येच्या माणसाने जाळ्यावर काय बोलावे, असे समोर बसलेल्या भोई बांधवांना वाटेल, आणि ते रास्त आहे. जाळे विणण्यात व फेकण्यात तुमचा हात माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे. परंतु शेततळे हे आधी पिकाच्या पाण्यासाठी असते, मासे त्यानंतर. जाळ्याच्या कडेमुळे पिकाचे पाणी कसे जाते, हे मी माझ्याच हाताने करून बसलो आहे. ते आधी सांगतो.

सांगोला तालुक्यात एका बागाईतदाराचे प्लॅस्टिक अस्तराचे तळे आहे. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. तळ्यावर त्यांची दोन एकर डाळिंबाची बाग उभी आहे. तळ्यात कटला, रोहू व मृगळ सोडले होते. जानेवारीत माशांचे वजन पाहण्यासाठी मी गेलो, तेव्हा जवळच्या गावातून एक फेकजाळे मागून घेतले. त्याच्या कडेला शिशाच्या पट्ट्या दुमडून बसवल्या होत्या आणि त्या सुटू नयेत म्हणून बांधकामाच्या बाइंडिंग तारेने आवळल्या होत्या. मातीच्या तलावात ते जाळे वर्षानुवर्षे चालले होते. मी ते फेकले, मासे आले, आणि ओढताना कड एका जागी अडकली. मी हिसका दिला, जाळे सुटले. आबा म्हणाले, "सर, जपून. कागद हाय खाली." मी म्हणालो, काही झाले नाही.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. पाणी वीतभर उतरले होते. थंडीच्या दिवसांत आपल्या कोरड्या भागात बाष्पीभवनाने दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी जाते असे धरले, तरी आठ दिवसांत ते चार सेंटिमीटरच्या वर जात नाही. वीत म्हणजे बावीस-तेवीस सेंटिमीटर. ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तळ्यात अठरा सेंटिमीटर पाणी जादा गेले, याचा अर्थ सुमारे १ लाख ६० हजार लिटर पाणी जमिनीत मुरले. उतार आणि तळ जिथे मिळतात तिथे अस्तराला सुरकुती पडलेली होती. त्या सुरकुतीत तारेचे टोक घुसले होते. अस्तर ५०० मायक्रॉनचे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचे. भोक सापडेपर्यंत आणि गरम हवेने ठिगळ लावेपर्यंत आणखी पाणी काढून टाकावे लागले. मे महिन्यात त्या बागेला टँकर लावावा लागला. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

शिसे कशासाठी?

सन २०१६ मध्ये राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली. त्यानंतर शेततळी वाढली, आणि पुष्कळांनी त्यात मासे सोडले. मासे सोडले की दर महिन्याला वजन पाहणे आलेच, कारण खाद्याचा हिशेब वजनावर बसतो. समजा, तळ्यात १,००० मासे आहेत आणि सरासरी वजन २०० ग्रॅम आहे. एकूण वजन २०० किलो झाले. तीन टक्क्यांनी रोजचे खाद्य ६ किलो होते. आता जाळ्याची कड सावकाश बुडाली किंवा तळाला नीट टेकली नाही, तर मोठे, चपळ मासे कडेखालून निसटतात आणि जाळ्यात लहानच राहतात. सरासरी १५० ग्रॅम निघते. तुम्ही साडेचार किलो खाद्य टाकता आणि मासे वाढत नाहीत म्हणून बीजवाल्याला दोष देता. मृगळ तर तळाशीच चरणारा मासा. कड तळाला टेकली नाही तर तो हाती लागतच नाही.

म्हणून कड जड हवी आणि तिचे वजन सगळीकडे सारखे हवे. शिसे त्याच आकाराच्या पाण्याच्या सव्वाअकरा पट जड असते. पाण्यात बुडाल्यावर एक किलो शिशाचे सुमारे ९१० ग्रॅम वजन कामाला येते. लोखंडाचे ८७० ग्रॅम येते. दगडाचे सव्वासहाशेच्या आसपास, आणि भाजक्या मातीच्या मण्यांचे जवळपास निम्मेच. मातीचे मणी स्वस्त पडतात म्हणून लावणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा. तेवढाच भार हवा असेल तर मणी दुप्पट लागतात आणि कड जाडजूड होते.

बांधण्याच्या पद्धती

आपल्याकडे चार पद्धती पाहायला मिळतात. पहिली पट्टीची. शिशाच्या पत्र्याचा तुकडा कडेच्या दोरीवर दुमडून हातोडीने दाबायचा. एखादी पट्टी पडली तर तळ्याच्या काठावर बसून दुसरी लावता येते, हा तिचा मोठा गुण. पण शिसे मऊ असते. दगडावर घासून पट्टी उघडते, तिची धार शेजारचा दोरा कापते, आणि मग कोणीतरी वर तार आवळतो. पुढचे मी सांगितलेच आहे.

दुसरी साखळीची. बारीक लोखंडी साखळी कडेला गुंडाळून बांधतात. ती खडबडीत तळाशी चांगली बसते व त्यातले काही गळून पडत नाही. मात्र गाळात ती रुतते, तिच्या कड्यांमध्ये आस अडकतात आणि दोन पावसाळ्यांत गंज धरते. गंजलेली साखळी अस्तरावरून ओढणे म्हणजे कानस ओढण्यासारखेच आहे.

तिसरी मण्यांची. मध्ये भोक असलेले, दोन्ही टोकांना निमुळते शिशाचे मणी दोरीत ओवायचे आणि ती दोरी जाळ्याच्या कडेला बांधायची. माझा कौल या पद्धतीला आहे. चौथी शिसे भरलेल्या दोरीची. दोरीच्या पोटातच शिसे असते, बाहेर काही टोचत नाही. अस्तरासाठी याहून सुरक्षित दुसरे काही नाही. पण ती महाग पडते, आणि मीटरमागे वजन कमी असेल तर दोन दोऱ्या जोडून लावाव्या लागतात. विकत घेण्यापूर्वी एक मीटर दोरी काट्यावर ठेवून पाहावी.

यातली कोणती निवडायची, हे तळ्याच्या तळावरून ठरवावे. बहुतेक जण दुकानदाराच्या भावावरून ठरवतात, मीही त्यातलाच होतो. मातीचे तळे, चिकण गाळ असेल तर मणी. दगड-गोटे असतील आणि बाभळीची खोडे बुडालेली असतील अशा गावतलावात मणीच, पण बांधणी निराळी, ती पुढे सांगतो. प्लॅस्टिक अस्तर असेल तर शिसे भरलेली दोरी, किंवा गुळगुळीत मणी व फक्त दोऱ्याची बांधणी. अस्तराच्या तळ्यावर तार, खिळा, साखळी, पट्टी यातले काहीही कडेला नको. पाहुण्याचे जाळे आणले तर आधी त्याची सगळी कड बोटांतून फिरवून पाहावी. बोटाला टोचले तर ते अस्तरालाही टोचेल.

एक प्रयोग फसला, तोही सांगून ठेवतो. जुन्या ठिबकच्या १२ मिलिमीटरच्या नळ्या उभ्या चिरून मी मण्यांवर चढवल्या होत्या. टोचण्याची भीती गेली खरी, पण कड ताठ झाली. तळाच्या सुरकुत्यांवर ती बसेना, जागोजागी कमान करून उभी राहिली आणि खालून मृगळ पसार झाले. कड जड हवी तशीच लवचीकही हवी.

मणी बांधताना

अडीच मीटर त्रिज्येच्या जाळ्याचे उदाहरण घेऊ. वजन पाहण्यासाठी एवढे जाळे पुरते. त्याचा घेर १५.७ मीटर भरतो. आस ओढून मोजल्यावर २४ मिलिमीटरचा असेल, तर दोरीवर त्याला १७ मिलिमीटर जागा द्यावी, म्हणजे ओढलेल्या मापाच्या सुमारे सत्तर टक्के. एवढ्या ढिलाईने आस चौकोनी उघडतो. पूर्ण ताणून बांधला तर आस मिटतो, जाळे पाण्यातून जड जाते व सावकाश बुडते. फारच ढिला ठेवला तर कडेला झोळ पडतो आणि जाळे विनाकारण खर्ची पडते. सहा आसांना १०२ मिलिमीटर जागा लागते. सहा आसांमागे एक मणी धरला तर घेराला सुमारे १५४ मणी लागतात. २० ग्रॅमचा एक मणी घेतल्यास एकूण भार तीन किलोच्या थोडा वर जातो.

कडेला दोन दोऱ्या घ्याव्यात. एकीत मणी ओवावेत, दुसरीत आस ओवावेत, आणि दोन्ही एकमेकींना बांधाव्यात. एक दोरी उजव्या पिळाची व दुसरी डाव्या पिळाची मिळाली तर उत्तम, म्हणजे ओली झाल्यावर कड पीळ खात नाही. दोन्ही दोऱ्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घालून ताणून वाळवाव्यात. नव्या दोरीवर घाईने मणी बांधले तर महिन्याभरात मापे बदलतात. प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंना निरगाठ मारावी. हा कंटाळवाणा भाग आहे, १५४ मण्यांना तीनशेवर गाठी होतात. परंतु गाठी नसल्या आणि दोरी एका जागी तुटली, तर माळ तुटल्यासारखे सगळे मणी तळ्यात जातात.

बांधणीचा दोरा अनेकपदरी पिळाचा नायलॉनचा असावा. एकपदरी गुळगुळीत तंगूसची गाठ ओली झाली की सरकते. आणि हा दोरा कडेच्या दोरीपेक्षा व जाळ्याच्या दोऱ्यापेक्षा मुद्दाम कमी ताकदीचा घ्यावा. गावतलावातली निराळी बांधणी म्हणजे हीच. तिथे मणी दोरीत न ओवता एकेक मणी वेगळ्या हलक्या दोऱ्याने टांगावा. मणी दगडाच्या फटीत किंवा खोडात अडकला, तर तेवढा एक दोरा तुटतो, वीस ग्रॅम शिसे जाते आणि जाळे सुटते. मजबूत म्हणून जाड दोरा वापरला तर मणी जागेवर राहतो आणि जाळ्याचा हातभर तुकडा फाटून येतो. काहीतरी तुटणारच असेल, तर काय तुटावे हे बांधतानाच ठरवता येते. अस्तराच्या तळ्यात मात्र अडकल्यावर तोडण्याचा प्रश्नच येऊ देऊ नये. हिसका न देता दोरी ढिली सोडावी, दुसऱ्या काठावर जाऊन उलट्या दिशेने हलकेच ओढावे.

आता शिशाविषयी. घरी मणी ओतणारे पुष्कळ जण आहेत. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ते चुलीवरही जमते. पण त्याचा धूर व भुकटी विषारी आहे आणि लहान मुलांना त्याचा फार अपाय होतो. स्वयंपाकाची चूल व भांडी त्यासाठी कधीही वापरू नयेत. साचा ओला असेल तर वितळलेले शिसे उडून अंगावर येते. शक्यतो तयार मणी घ्यावेत. मणी दाताने दाबण्याची सवय अनेकांना आहे, ती सोडावी. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये, भाकरीला हात लावू नये.

अस्तराच्या तळ्याचा काठ ओला झाला की पाय ठरत नाही. घसरलेल्या माणसाला वर येता येत नाही, आणि अशा तळ्यांत बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. जाळे फेकणारा एकटा कधीच नसावा. काठावर खुंटाला बांधलेला दोर पाण्यापर्यंत सोडलेला असावा, जवळ हवा भरलेली ट्यूब असावी. जाळ्याची हातदोरी मनगटाला निरगाठीने बांधण्याची पद्धत आहे. तिथे सुरगाठ घालावी, म्हणजे तोल गेला तर एका ओढीत हात मोकळा होतो. तीन किलो शिसे आणि भिजलेले जाळे मनगटाला घेऊन पोहता येत नाही.

जाळे बाहेर काढल्यावर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे, उन्हाने नायलॉन कुजका होतो. वाळत घालताना शेंड्याकडून टांगावे व कड जमिनीवर टेकवावी. कडेकडून टांगल्यास सगळा भार चार-सहा गाठींवर येतो. ठेवण्यापूर्वी मणी मोजावेत. कमी भरले तर त्याच दिवशी नवे बांधावेत, कारण दोन मणी शेजारी-शेजारी नसले की तिथे माशाला दार मिळते.

बाहेर मांडवात दोन जाळी पसरून ठेवली आहेत, एक पट्टीचे आणि एक अर्धे बांधलेले मण्यांचे. पट्टीच्या जाळ्याची कड बोटांतून फिरवून पाहा, सावकाश. त्यानंतर प्रत्येकाने दुसऱ्या जाळ्याला पाच-पाच मणी बांधायचे आहेत. दोरा, मणी व मोजपट्टी तिथेच आहे. भोई बांधवांनी कृपया पुढे बसावे, माझी गाठ चुकली तर लगेच सांगावे.