पाच इंजिने, एक बादली

(रिहे, ता. मुळशी येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या कापूस-ज्वारीवाल्यांना हे मुळशीचे खोरे वेगळे वाटत असेल. इथे भात, तिकडे कपाशी. इथे पाऊस थांबायची वाट पाहतात, तिकडे पडायची. पण पिकावरून नजर काढून घराच्या अंगणाकडे पाहा, तिथे फरक दिसणार नाही. हिंजवडी जवळ आली तशा इथल्या दारात मोटारी आल्या. तिकडे बैल गेले आणि ट्रॅक्टर आला. इंजिने दोन्हीकडे वाढली आणि त्यांच्या ऑईलचा खर्चही वाढला.

म्हणून आज ऑईलविषयी बोलायचे आहे. प्रश्न साधा आहे. घरात पाच इंजिने असतील तर पाच प्रकारची ऑईले घ्यायची, की एकच मोठी बादली आणून सगळ्यांना घालायची? सुटे डबे घेतले तर लिटरमागे जास्त पैसे जातात, बादलीत वाचतात. मग एकाच बादलीत का भागवू नये?

एक घर धरून चालू. एक ट्रॅक्टर, एक जुनी डिझेल जीप, मुलाने घेतलेली नवी पेट्रोल मोटार, एक मोटारसायकल आणि एक पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप. ऑईल बदलताना ट्रॅक्टरला साधारण ८ लिटर लागते असे धरू, जीपला ६, मोटारीला ३, मोटारसायकलला १. एकूण १८ लिटर. फवारणी पंपाचा हिशेब वेगळा, तो पुढे सांगतो.

आता ऑईल निवडायचे कसे? आपण कीटकनाशक घेतो तेव्हा शहाणा शेतकरी डब्यावरचे चित्र पाहत नाही, आतल्या औषधाचे टेक्निकल नाव वाचतो. ऑईललाही तसेच टेक्निकल नाव असते आणि त्याचे दोन भाग असतात.

पहिला भाग ऑईलच्या जाडीचा. १५डब्ल्यू-४० यातला १५डब्ल्यू हा आकडा थंडीचा. १५डब्ल्यू ऑईलची इंजिन फिरवण्याची परीक्षा उणे २० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. आपल्याकडे एवढी थंडी पडत नाही. त्यामुळे जुन्या इंजिनाला १५ आणि २० यांत मोठा फरक जाणवत नाही. दुसरा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंश तापलेले ऑईल किती जाड राहते ते तो सांगतो. ४० म्हणजे जाड, ३० मध्यम, २० पातळ.

कोणी म्हणेल, अकोल्या-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे जाडच ऑईल हवे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो. बाहेर ३० अंश असो की ४५, रेडिएटर ठीक असेल तर तो आतले पाणी ठरलेल्या तापमानाजवळ ठेवतो. म्हणून केवळ ऊन आहे एवढ्यावरून पुस्तकातला आकडा बदलू नये. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ऊन जास्त जाणवते, पण त्याचेही उत्तर त्याच्या पुस्तकातच असते.

दुसरा भाग दर्जाचा. डब्यावर एपीआय लिहिलेले असते आणि पुढे अक्षरे असतात. एस म्हणजे पेट्रोल इंजिन, सी म्हणजे डिझेल. सीएच-४, मग सीआय-४, मग सीजे-४, मग सीके-४, अशी डिझेलची पायरी चढत जाते. इथे एक नियम ध्यानात ठेवा : वरचे खाली चालते, खालचे वर चालत नाही. सीआय-४ मागणाऱ्या इंजिनाला सीके-४ चालते. सीके-४ मागणाऱ्या इंजिनात सीआय-४ घालू नये.

आता आपल्या अंगणात परत येऊ.

ट्रॅक्टर आणि जुनी जीप या दोघांच्या पुस्तकात बहुधा १५डब्ल्यू-४० सापडेल. ज्याचा दर्जा वरचा लिहिला आहे त्याच्या मापाने बादली घ्या. १८ पैकी १४ लिटर इथेच भागले. म्हणजे रुपयातले बारा आणे काम एका बादलीत झाले. जुन्या पेट्रोल गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० असेल आणि डब्यावर सी आणि एस दोन्ही दर्जे लिहिलेले असतील, तर तीही याच बादलीवर चालेल.

राहिले चार लिटर. घात होतो तो इथे.

नव्या पेट्रोल मोटारींपैकी बऱ्याच गाड्या ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ मागतात. त्यांची ऑईलची वाट, पंप आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा पातळ ऑईल धरून केलेली असते. तिथे ट्रॅक्टरचे जाड ऑईल घातले तर गाडी त्याच दिवशी बंद पडणार नाही. पण थंड इंजिन सुरू होताना ऑईल वर पोचायला उशीर लागतो आणि पेट्रोलही जास्त जळते.

मोटारसायकलचे दुखणे निराळे. तिचे इंजिन, गिअर आणि क्लच बहुतेक वेळा एकाच ऑईलमध्ये बुडालेले असतात. मोटारीच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असू शकतात. ती क्लचच्या प्लेटांवर बसली की क्लच घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलेच ऑईल घ्या. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला एमबी चालते.

जीप नवी असेल तर आणखी सावध राहा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसवलेला असतो. काजळी जळून जाते, पण ऑईलची राख जळत नाही, ती साचत राहते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे ऑईल लागते. सीजे-४ आणि सीके-४ मध्ये राखेची मर्यादा १ टक्का आहे, काही गाड्या त्याहूनही कमी मागतात. बादलीत वाचलेले पैसे अशा एका फिल्टरपुढे काहीच नाहीत.

आणि फवारणीचा पंप. तो टू-स्ट्रोक असेल तर त्याला पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-टी ऑईलच हवे, पुस्तकात दिलेल्या प्रमाणात. बादलीतले ऑईल त्यात घालू नये. ट्रॅक्टरच्या गिअरपेटीचे, हायड्रॉलिकचे आणि तेलात बुडालेल्या ब्रेकचे ऑईलही वेगळे असते.

तेव्हा हिशेब असा : घराला एक बादली, मोटारीचा एक डबा, मोटारसायकलची एक बाटली, पंपाचे टू-टी. एकाच ऑईलचा हट्ट नको, आणि पाच इंजिनांना पाच महागडी ऑईलेही नकोत.

कोरडवाहू भागातल्या भावांना एक जास्तीचे सांगतो. इंजिन झिजवण्यात धुळीचा वाटा फार मोठा. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानात वखरणी चालते तेव्हा एअर क्लीनरची वाटी रोज पाहा. तळाला गाळ बसला की ऑईल बदला. धूळ आत गेली तर भारीतले भारी ऑईलही इंजिन वाचवणार नाही. ट्रॅक्टरचे ऑईल महिन्यांबरोबर तासांवरही बदलायचे असते, म्हणून तासांचा काटा चालू ठेवा.

डिझेलचे ऑईल काळे झाले म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. दुधाळ झाले तर पाणी शिरले, इंजिन थांबवा. पट्टीवर पातळी आपोआप वाढली तरी थांबा, डिझेल नाहीतर पाणी मिसळते आहे. अडचणीच्या वेळी त्याच ग्रेडचे दुसऱ्या कंपनीचे ऑईल वरून घातले तर चालते. कमी ऑईलवर इंजिन पळवणे त्याहून वाईट.

ऑईल घेताना पावती घ्या, सील पाहा. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा, म्हणजे त्यात बनावट माल भरून तो पुन्हा आपल्याच गळ्यात येणार नाही. जळके ऑईल विहिरीजवळ, बांधावर ओतू नका. नोंदणी असलेल्या गोळा करणाऱ्यालाच द्या.

शेतमालाचा भाव आपल्या हातात नाही. खर्चातला हा एवढा भाग मात्र आपल्या हातात आहे. घरी गेलात की प्रत्येक इंजिनाचे पुस्तक काढा. हरवले असेल तर शोरूममध्ये विचारा. ग्रेड, दर्जा, लिटर आणि बदलण्याची वेळ असा चार रकान्यांचा कागद गोठ्याच्या दाराला चिकटवा. घरातल्या बाईमाणसांनाही तो वाचून दाखवा, कारण दुकानातून डबा आणायची वेळ त्यांच्यावरही येते. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बसला तर वाफसा आपल्यासाठी थांबत नाही. तो कागद वाफशाच्या आधी तयार असू द्या.