वारुळावरची अळंबी

सोलापूरच्या मंडईत अळंबी मिळते ती बटण मशरूम म्हणून. शेडमध्ये कंपोस्टवर वाढवलेली, बारा महिने सारख्याच चवीची. रानातली अळंबी चाखायची तर पाऊस लागल्यावर सिंधुदुर्ग गाठावा, नाहीतर गोवा. तिथे या दिवसांत बायका पानांत बांधलेल्या अळंबीच्या जुड्या घेऊन रस्त्याकडेला बसतात.

ही अळंबी येते वारुळावर.

नागपंचमीला आपल्याकडे नागाचं घर म्हणून वारूळ पुजतात, पण ते बांधते वाळवी. तिच्यातल्या काही जाती चक्क शेती करतात. पालापाचोळा, वाळकं लाकूड खाऊन त्याचे पोळ्यासारखे थर जमिनीखाली रचतात आणि त्यावर बुरशी वाढवतात. लाकडातला चिवट भाग ही बुरशी मऊ करते, मग वाळवी तो खाते. पाऊस मुरला की हीच बुरशी लांब मुळासारखा देठ वर काढते आणि टोकदार टोपीने माती फोडते. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी 1942 मध्ये या प्रजातीला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. वाळवीशिवाय तिचं व्यापारी पीक अजून कुणाला साधलेलं नाही.

चवीला ही बटण मशरूमपेक्षा कितीतरी सरस. देठ उभा चिरला की उकडलेल्या कोंबडीसारखे धागे सुटतात, आणि शिजताना मटणाच्या रश्श्याची आठवण करून देणारा वास येतो. मुळाची माती सुरीने खरवडावी, झटपट धुवावी. भिजत घातली की चव पाण्यात गेली. कांदा, हळद, हिरवी मिरची, ओल्या खोबऱ्याचं वाटण, दोन आमसुलं. पाणी तिचं तिलाच सुटतं. गोव्यात शागुतीही करतात, पण इतक्या मसाल्यात अळंबी हरवते. सोलापूरकरांनीही इथे काळ्या मसाल्याचा हात आखडता घ्यावा. सोबत ज्वारीची भाकरी उत्तम.

मागणी वाढली तशी न उमललेली कळीही उपटली जाते. छत्री उघडलीच नाही तर बीजाणू पसरणार कसे? गोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. नंदकुमार कामत या अंदाधुंद तोडणीविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत आले आहेत.

श्रोतेहो, जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय रानातली कुठलीही छत्री खाऊ नका. चांदीचं नाणं काळं पडलं नाही म्हणजे ती निर्धोक, हा समज साफ खोटा आहे. काही अळंब्यांचं विष शिजवूनही जात नाही आणि त्रास कित्येक तासांनी सुरू होतो. तसं झालं तर उरलेली अळंबी सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा.