निकाल लागेपर्यंत खायचे काय?
(चिकलठाणा येथे वस्तीतील महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्याकडे येणारी बाई बहुधा हातात एक कागद घेऊनच येते. माहेरच्या पत्त्यावर आलेले कोर्टाचे समन्स. नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावलेला असतो, नाही तर 'नांदायला यावे' असा. ती विचारते, "ताई, केस किती वर्षं चालेल?" याचे उत्तर कुणालाच देता येत नाही. पण तिची खरी काळजी वेगळीच असते. तोवर खायचे काय? मुलाची फी कशी भरायची? तारखेला जायला बसभाडे कुठून आणायचे? आज मी या मधल्या दिवसांविषयीच बोलणार आहे.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम २४ प्रमाणे दावा चालू असताना, ज्याला स्वतःचे पुरेसे उत्पन्न नाही त्याला दरमहा पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. मुलांसाठी कलम २६ आहे. म्हणजे दावा नवऱ्याने लावला असला, तरी त्याच दाव्यात आपला अर्ज टाकता येतो. २००१ च्या दुरुस्तीने सांगितले आहे की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत या अर्जाचा निकाल लागावा. दावाच नसेल तर पूर्वीचे कलम १२५ होते. १ जुलै २०२४ पासून ते नव्या संहितेत कलम १४४ झाले आहे. (जमावबंदीचे जुने १४४ ते हे नव्हे!)

आता 'शक्यतो ६० दिवस' म्हणजे प्रत्यक्षात किती, ते नागपूरच्या एका प्रकरणावरून पाहा. बाळ झाल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये एका बाईने सासर सोडले. सप्टेंबरमध्ये कौटुंबिक न्यायालयात कलम १२५ खाली अर्ज केला. ऑगस्ट २०१५ मध्ये हुकूम झाला: तिला दरमहा १५ हजार, मुलाला आधी ५ आणि पुढे १० हजार. नवरा उच्च न्यायालयात गेला, तिथे २०१८ मध्ये हरला. मग सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला. 'राजनेश विरुद्ध नेहा' या नावाने तो ओळखला जातो. नवऱ्याने सगळी थकबाकी १२ आठवड्यांत भरावी, असे न्यायालयाने सांगितले. पण हिशेब करा. अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या पोटगीचा वाद सात वर्षे चालला! त्या सात वर्षांत मूल शाळेत जाऊ लागले असेल.

या निकालाने देशभरच्या न्यायालयांना काही बंधने घातली. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणून सांगते, "बघू, समजावून पाहू" म्हणत जे महिने जातात ते सहसा भरून मिळत नाहीत. समेटाची बोलणी अर्ज टाकूनही करता येतात.

नवरा कोर्टात काय सांगतो, ते आपल्याला पाठ आहे. "काम सुटलं." "ठेकेदाराकडे आहे, रोज काम मिळत नाही." "जमीन वडिलांच्या नावावर आहे." नुसते "तो खोटं बोलतो" म्हणून भागत नाही. इथल्या एमआयडीसीत तो कुठल्या कंपनीत, कुठल्या ठेकेदाराकडे, किती वर्षे आहे, हे लिहून ठेवा. पगाराची पावती, पीएफचा नंबर, बँकेचे नाव, गाडीचा हप्ता, गावाकडचा सातबारा, कापसाच्या विक्रीच्या पावत्या, जे हाती असेल त्याची नक्कल जपा. महिना ८ हजारांचा हप्ता भरणारा माणूस "मला ९ हजारच मिळतात" म्हणाला, तर न्यायाधीशांनाही प्रश्न पडतो.

आणि आपणही खरेच लिहायचे. चार घरची धुणीभांडी करत असाल तर ती मिळकत लपवू नका. खोटे प्रतिज्ञापत्र दोघांनाही महाग पडू शकते. थोडीफार कमाई आहे एवढ्यावरून पोटगीचा हक्क जात नाही. तसेच 'नांदायला जा' असा हुकूम झाला, तरी न जाण्याला पुरेसे कारण असेल तर पोटगी मागता येते. कलम १२५ च्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२५ रोजी तसे स्पष्ट केले आहे.

हुकूम झाला म्हणजे पैसे आलेच असेही नाही. कलम १४४ खालची रक्कम थकली, तर ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

नातेवाईक म्हणतील, "त्याच्या पैशावर कशाला जगतेस? स्वाभिमान नाही का?" बायांनो, जिच्याजवळ तारखेला जायला पैसे नाहीत, ती तिसऱ्या तारखेला थकून मिळेल त्या कागदावर सही करते. अशा कितीतरी सह्या आम्ही पाहिल्या आहेत. पोटगी ही भीक नाही. दावा शेवटपर्यंत लढता यावा म्हणून कायद्याने दिलेले ते बळ आहे. तेव्हा समन्स आले की रडत बसू नका. त्याच आठवड्यात कागद घेऊन या. आपण मिळून अर्ज लिहू.