लग्नघरातला फोटोग्राफर आणि माणसे सांभाळण्याचे कसब

(कोलकाता येथे रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



युनियनच्या सचिवाने लग्नाच्या फोटोवर बोलावे याचे तुम्हाला नवल वाटेल. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो, सारी उमेद तिकीट खिडकीवर गेली. कॅमेऱ्यातले आम्हाला फारसे कळत नाही. पण अलीकडे सभासदांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकू येते. "साहेब, पोराने कॅमेरा घेतलाय, लग्नाच्या ऑर्डरी करतो." कुणी प्रॉव्हिडंट फंडातून रक्कम काढून कॅमेरा घेऊन दिला, कुणी सोसायटीचे कर्ज काढले. बापाच्या घामाचा पैसा ज्या धंद्यात गेला त्या धंद्याचा विचार युनियनने करायचा नाही तर कुणी करायचा?

आपण मराठी माणसे या शहरात नवी नाही. बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली आणि पुढे तिच्या रुळांनी नागपूर आणि कोलकाता जोडले गेले. दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्य कार्यालय इथे गार्डन रीचला आहे आणि २००३ पर्यंत नागपूर विभाग त्याच्याच ताब्यात होता. त्यामुळे बदलीवर आलेली, बढतीवर आलेली आणि मग इथलीच झालेली अनेक घरे आहेत. आम्हीही त्यांतलेच. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात आपण गणपतीला भेटतो. आपली मुले घरात मराठी, रस्त्यावर बंगाली आणि कामावर हिंदी बोलतात. ही मोठी शिदोरी आहे, तिचा उपयोग पुढे सांगतो.

फोटोच्या धंद्यात हे शहर फार जुने. चौरंगीजवळ बोर्न अँड शेफर्ड नावाचा स्टुडिओ होता. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेला. त्या काळी तिथे फोटो काढून घेणे हा मान समजत. १९९१ साली तिथे आग लागली, जुन्या काचा आणि निगेटिव्हचा मोठा साठा जळाला. तरी दुकान उभे राहिले, आणि अखेर २०१६ साली बंद झाले. इमारत होती, नाव होते, दीड शतकाची कीर्ती होती. पण काळ बदलला. आज लग्नातल्या प्रत्येक पाहुण्याच्या खिशात फोन आहे आणि प्रत्येक फोनमध्ये कॅमेरा आहे. मग तुमच्या मुलाला लोकांनी पैसे का द्यावेत?

आमचे उत्तर असे आहे. फोटो आता कुणीही काढतो. पण परक्या घरात शिरून, रात्रभर शेकडो माणसांत वावरून, कुणाला न दुखावता त्या घराचा विश्वास मिळवणे हे कुणालाही जमत नाही. ते कसब आहे, ते शिकावे लागते, आणि ते श्रम आहेत. आजच्या भाषणाचा सारा मतलब एवढाच.

एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या एका ट्रॅकमन बंधूचा मुलगा नागपूरला फोटोग्राफरच्या हाताखाली तीन हंगाम काम करून इथे आला. मराठी लग्न त्याला पाठ. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी कुठे उभे राहायचे, अक्षतांचा मारा सुरू झाला की भिंग कसे झाकायचे, सारे ठाऊक. इथे त्याला पहिली बंगाली ऑर्डर मिळाली ती आमच्याच एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाची. आम्ही तिथे हजर होतो.

बंगाली लग्नात शुभदृष्टीचा विधी असतो. नवरीला पाटावर बसवून तिचे भाऊ उचलतात आणि नवऱ्याभोवती सात फेरे घालतात. नवरीने दोन विड्याच्या पानांनी तोंड झाकलेले असते. फेरे संपले की ती पाने दूर करते आणि दोघांची नजरानजर होते. आपल्या अंतरपाटासारखाच क्षण. शंख वाजत होते, बायका उलूध्वनी करीत होत्या, आणि आमच्या पोराने मोठ्याने हाक दिली, "मुलीच्या आईला पुढे बोलवा, त्या कुठे आहेत?"

सगळे गप्प झाले. अनेक बंगाली घरांत आईने लेकराचे लग्न डोळ्यांनी पाहायचे नाही अशी रीत आहे. आई आतल्या खोलीत बसते. आता काही घरांत ही रीत मोडते आहे, पण त्या घरात पाळत होते. नवरीचे काका खवळले. "हा कुठून आणला?" असे सर्वांदेखत म्हणाले. पोराने वाद घातला नाही. हात जोडले आणि बंगालीत म्हणाला, "काकाबाबू, चूक झाली, मला ठाऊक नव्हते." आणि मागे सरून कामाला लागला, कारण नजरानजरेचा क्षण पुन्हा येणार नव्हता.

पुढे सिंदूरदान झाले, गर्दी जेवणाकडे वळली. तेव्हा तो नवरीच्या आत्याकडे गेला आणि आईचा एक फोटो काढू का, म्हणून विचारले. आत्या त्याला आत घेऊन गेली. दारातच थांबून त्याने आईलाही विचारले. ती माउली खाटेच्या कडेला बसली होती, अंगावर नवी साडी, कान बाहेरच्या शंखाकडे. त्याने दिवा लावला नाही, बसण्याची पद्धत बदलायला सांगितली नाही. दोन फोटो काढले, पाया पडला आणि बाहेर आला. काका शेवटपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत, बाकी रक्कमही दोन महिन्यांनी मिळाली. पण अल्बम पाहिल्यावर आईने त्या एका फोटोची मोठी प्रत मागवली. मुलीच्या लग्नातला तिचा तेवढाच फोटो होता.

मित्रहो, या गोष्टीत चूकही आहे आणि चुकीवरचा उपायही आहे. आता त्यातून शिकण्यासारखे क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, आधी ऐकायचे. ऑर्डर घेताना अल्बमचे नमुने दाखवण्यापेक्षा घरच्यांना बोलते करा. कोणते विधी आहेत, कोण कुठे बसणार, घरात अलीकडे कुणी गेले आहे का, कोणत्या दोन भावांचे बोलणे बंद आहे, आजीला उभे राहवते का, हे सारे वहीत लिहून घ्या. कोणाचे फोटो हवेतच त्यांची यादी करा. आणि दोन्हीकडचा एकेक जाणता माणूस ठरवून घ्या, जो गर्दीत नातेवाईक ओळखून देईल. आपल्याकडे मानपान असतो. वरमाईआधी दुसऱ्या कुणाला पुढे बसवले की विहीणबाई रुसल्याच समजा. तो रुसवा फोटोत कायमचा उतरतो.

दुसरी गोष्ट, परवानगी. या शहरात अन्नपूर्णा दत्त नावाच्या बाई होऊन गेल्या. जन्म १८९४, मृत्यू १९७६. बायका परक्या पुरुषासमोर येत नसत त्या काळात त्यांनी फोटोचा धंदा केला, लोकांच्या घरी जाऊन बायकांचे फोटो काढले. कॅमेरा तर पुरुष फोटोग्राफरांकडेही होता. पण माजघराचे दार या बाईंसाठी उघडले, कारण त्या घरांना त्यांचा भरवसा वाटला. आजही नवरीचा पदर किंवा दागिना नीट करायचा असेल तर स्वतः हात लावू नका, तिच्या बहिणीला सांगा. आपल्या मुलींनी या धंद्यात यावे असे आम्ही आवर्जून म्हणतो. नवरी सजते त्या खोलीत मुलगी सहज वावरते.

तिसरी गोष्ट, गर्दी. समूहफोटोला चाळीस माणसे उभी करणे आणि गाडी आल्यावर फलाट सांभाळणे यांत आम्हाला फार फरक दिसत नाही. ओरडून गर्दी हलत नाही. म्हाताऱ्यांना आधी खुर्च्या द्या आणि आधी मोकळे करा. लहान मुलांशी खाली बसून बोला. माणसाला "ओ लाल शर्टवाले" म्हणू नका, नात्याने हाक मारा. इथे दादा, बौदी, माशीमा म्हटले की माणूस वळून हसतो, आणि तोच फोटो. आपल्या मुलांच्या तीन भाषांचा उपयोग तो हा. भटजींना किंवा पुरोहितांना आधीच भेटून नमस्कार करा. "अमुक वेळी क्षणभर थांबाल का?" असे विनंतीने विचारले तर ते थांबतात. हुकूम केला तर मुद्दाम पाठ करून बसतात.

चौथी गोष्ट, राग. तिकीट खिडकीवर आम्ही एक शिकलो. समोरचा जेवढा आवाज चढवील तेवढा आपला खाली आणायचा. लग्नात कुणी पिऊन येतो, कुणी फोन घेऊन तुमच्याच पुढे उभा राहतो. त्याला ढकलू नका. "दादा, आधी तुमचा काढा, मग मला एवढी जागा द्या" म्हटले की काम होते. पण अपमान किती सोसायचा यालाही मर्यादा आहे. कुणी अंगावर हात टाकला तर घरच्या जाणत्या माणसाला सांगून काम थांबवण्याचा हक्क तुम्हाला आहे. नम्रता वेगळी आणि लाचारी वेगळी.

पाचवी गोष्ट, सोबतचे कामगार. दिवा धरणारा पोरगा, व्हिडिओवाला, मांडववाले, वाढपी, नवरीला सजवणारी ताई, हे सारे आपल्यासारखेच राबणारे. बंगाली लग्नाचा मुहूर्त पुष्कळदा रात्री उशिरा असतो. मध्यरात्रीनंतर दिवा धरणाऱ्या पोराला शेवटची लोकल सापडत नाही. त्याच्या जेवणाची, घरी जाण्याची आणि त्याच दिवशी मजुरी देण्याची जबाबदारी तुमची. मालकाकडून आपण ज्याची अपेक्षा करतो ते आपण मालक झाल्यावर विसरायचे नाही.

सहावी गोष्ट, लग्नानंतरची वागणूक. अल्बमची तारीख पाळता येत नसेल तर त्यांचा फोन येण्याआधी तुम्ही करा. आणि कुणाचेही फोटो न विचारता जाहिरातीला वापरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढून घेणारा असतो. नमुना म्हणून दाखवायचे असतील तर करारात तसे लिहून घ्या.

आता पैशाचे बोलतो, कारण तिथेच आपली मुले मार खातात. गिऱ्हाईक म्हणते, "चार तासांचे तर काम." आधीच्या भेटी, नात्यांची यादी, रात्रीचे जागरण, सोसलेले बोलणे, नंतर हजारो फोटोंतून निवड, हे कुणी मोजत नाही. आम्ही म्हणतो, तुम्ही मोजा. दर सांगताना तास लिहा, विधी लिहा, मदतनिसाची मजुरी लिहा. आगाऊ रकमेची पावती द्या, बाकी केव्हा मिळणार ते कागदावर घ्या. ओळखीच्या घरी तर नक्कीच घ्या, कारण ओळखीत मागायची लाज वाटते. बंगाली पंचांगाप्रमाणे भाद्र, आश्विन, कार्तिक, पौष आणि चैत्रात लग्ने सहसा होत नाहीत. हंगामातली मिळकत त्या महिन्यांनाही पुरवायची आहे हे दर ठरवताना ध्यानात असू द्या. पूजेचे मंडप, बारसे, अन्नप्राशन, सेवानिवृत्तीचे समारंभ ही कामे त्या काळात धरा. असंघटित कामगारांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ई-श्रम नोंदणी सुरू केली. ईपीएफ-ईएसआयचा सभासद नसलेल्या १६ ते ५९ वयाच्या स्वतंत्र कामगाराने चौकशी करून ती करून घ्यावी. एकट्याने दर टिकत नाही, म्हणून आपल्या भागातल्या पाचदहा फोटोग्राफरांनी एकत्र बसून एकमेकांचा दर न पाडण्याचे ठरवावे, आजारपणात एकाची ऑर्डर दुसऱ्याने सांभाळावी. संघटना अशीच सुरू होते.

शेवटी पालकांना एक सांगतो. तुम्ही म्हणता, आम्हाला या धंद्यातले काय कळते, पोराला काय शिकवणार? टपाल खात्यातल्या बंधूंनो, तार सेवा २०१३ साली बंद झाली, पण तार घेऊन दारात उभे राहण्याचे दिवस तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. बातमी वाईट असली तर आधी घरात कुणी पुरुषमाणूस किंवा शेजारीण आहे का पाहायचे, मग कागद द्यायचा, हे तुम्हाला कोणत्या पुस्तकाने शिकवले? रेल्वेतल्या बंधूंनो, रात्री चुकलेल्या म्हाताऱ्याला नीट गाडीत बसवून देताना कोणता नियम वाचला होता? परक्या माणसाच्या सुखदुःखाच्या वेळी तिथे असायचे, आपले काम चोख करायचे आणि त्याचा मान राखायचा, हे आपण आयुष्यभर केले. त्याची नोंद आपल्या सेवापुस्तकात कुणी केली नाही. पोरांच्या हातात कॅमेरा दिलात, त्याबरोबर हेही द्या. संध्याकाळी जवळ बसवून सांगा. आणि त्याचे दाम मागायलाही शिकवा, जे आपल्याला कुणी शिकवले नाही.

एवढे बोलून आम्ही रजा घेतो. कामगार एकजुटीचा विजय असो!